विरी न गेलेलं पीठ

पाच महिने डब्यात पडून राहिलेल्या पिठाची भाकरी चिरली नाही, आणि तिथंच नीलगंगा कोरेंना संशय आला.

डबा सापडला तो संक्रांतीच्या आवराआवरीत. त्यांच्या धाकट्या जावेनं, भागीरथीनं, तो माळ्यावरून खाली काढला, झाकण उघडून नाक आत घातलं आणि जाहीर केलं की श्रावणात दळलेलं पीठ आहे, वास काही आलेला नाही, टाकायचं कशाला. ज्वारीच्या पिठाची खोड सगळ्या मुलखाला ठाऊक आहे. दळून आणल्यावर पंधरा-वीस दिवस ते नीट वागतं, मग त्याची विरी जाते. विरी म्हणजे पीठ धरून ठेवणारा चिकटपणा. ती गेली की भाकरी थापता थापता कडेनं चिरते, तव्यावर टाकताना हातातच तुटते, आणि करणारीच्या माहेराचा उद्धार होतो. पाच महिन्यांच्या पिठाची तर भाकरी व्हायलाच नको होती. भागीरथीनं परातभर मोठी थापली, अलगद उचलली, आणि ती तव्यावर टम्म फुगली.

"बघा की अक्का," ती म्हणाली. "उगं न्हाई तुमचं नाव दिलं ह्या जवारीला. तुमच्यासारखीच हाय, म्हातारी होईना झालीय."

नीलगंगाबाई हसल्या नाहीत. त्यांनी परातीतल्या पिठाच्या गोळ्याला दोन बोटं लावली आणि ती सावकाश एकमेकांपासून दूर केली. मध्ये एक बारीक तार आली. ज्वारीच्या पिठाला तार येत नाही. तार येते गुळाच्या पाकाला, आणि आणखी एका गोष्टीला, जी त्यांनी नोकरीत तेहेतीस वर्षं पाहिली होती. त्यांनी हात राखेनं घासला, मग साबणानं, मग पुन्हा साबणानं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

नीलगंगाबाई माळेवाडीच्या ज्वारी केंद्रात रोगनोंदणी सहायक होत्या. केंद्राच्या मागच्या अंगाला दीड एकराचा एक तुकडा होता, त्याला रोगवाटिका म्हणत. सगळं जग रोग हटवतं. इथं ते हौसेनं पाळले जात. काणी, तांबेरा, खडखड्या, आणि सगळ्यांत ओंगळ तो चिकटा. ज्वारी फुलोऱ्यात असताना आभाळ भरून राहिलं की चिकट्याची बुरशी फुलात शिरते, जिथं दाणा धरायचा तिथं स्वतःच ठाण मांडून बसते, आणि कणसातून गोड, गढूळ, चिकट पाणी ठिबकायला लागतं. ते पानांवर ओघळतं, मातीत सांडतं, त्यावर माश्या बसतात, मुंग्यांच्या रांगा लागतात. मग त्या चिकटपणावर काळी बुरशी चढते आणि सगळ्या शेताला नासलेल्या मळीचा वास सुटतो. वाटिकेत हा रोग मुद्दाम लावायचा, त्यात शेकडो वाण उभे करायचे, जे ठिबकतील ते उपटून जाळायचे आणि जे स्वच्छ राहतील त्यांचं बी पुढच्या वर्षी पेरायचं, अशी तिथली रीत. कोणतं ताट, म्हणजे ज्वारीचं धाट, किती आजारी ते एक ते नऊ अशा अंकांत सांगायचं, हे नीलगंगाबाईंचं काम. एक म्हणजे निर्मळ. नऊ म्हणजे बघवत नाही.

आणि गंमत अशी की ही बाई मुळातच किळसखोर. चहावर साय दिसली तरी कप बाजूला सारणारी. नोकरी लागली तेव्हा आठवडाभरात पळून जाईल म्हणून शिपायांनी पैजा लावल्या होत्या. झालं उलटंच. इतरांना भिंगातून दिसायचा तो रोग त्यांना दहा हातांवरून कळायचा. आधी नाक मुरडायचं, अंगावर काटा यायचा, आणि मग कुठं डोळ्यांना डाग दिसायचा. नाकाचा अंदाज कधी चुकला नाही.

अकरा वर्षांपूर्वी केंद्राचे प्रमुख म्हणून डॉ. अनिरुद्ध थिटे आले. तरुण, हुशार, बोलायला गोड. त्यांना या मुरडणाऱ्या नाकाची किंमत लगेच कळली. त्यांनी एक शिसारीपट्टी बनवून घेतली. मनगटाला एक पट्टा आणि नाकाशेजारी टिकलीएवढी चकती. घाम किती सुटला, नाडी कशी चालली, नाकाजवळचा तो बारीक स्नायू कितीदा आक्रसला, सगळं ती टिपायची. एक अख्खा हंगाम नीलगंगाबाई ती लावून वाटिकेत फिरल्या, आणि त्यांच्या मागून वासरासारखा एक चार चाकांचा गाडा फिरला. गाड्याला कॅमेरे होते, वास ओळखणारी नळी होती. बाई नाक मुरडतील ते कणीस गाडा पाही, हुंगी आणि लक्षात ठेवी. हंगाम संपता संपता तो बाईंच्या आधी घाण ओळखायला लागला. कागदोपत्री त्याचं नाव रोगदर्शक गाडा. मजुरांनी मात्र पहिल्याच दिवशी त्याला नाकमुरडी म्हटलं, आणि पुढं थिटेसाहेबही तेच म्हणू लागले.

नाकमुरडी दिवसाला चाळीस हजार कणसं बघायची. माणसाला जे काम करायला पन्नास वर्षं लागली असती ते पाच-सहा वर्षांत झालं. त्यातूनच तो वाण निघाला, ज्याला चिकटा लागतच नव्हता. टपोरा, मोत्यासारखा दाणा, दाण्यात गोडवा. वाटिकेत माश्या यायच्या बंद झाल्या. वाणाला नाव ठेवलं 'नीलगंगा', आणि समारंभात बाईंच्या गळ्यात कणसांचा हार घातला. पहिल्यांदा तो आसपासच्या दोन तालुक्यांत दिला, त्यालाही आता पाच वर्षं झाली. येत्या हंगामात तो ज्वारीच्या सगळ्या पट्ट्यात जायचा होता, आणि मग शीतगृहातल्या मालदांडी या जुन्या वाणाच्या बियाण्याला कुणी विचारणार नव्हतं. जागा अडते म्हणून ते काढून टाकायचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी प्रयोगशाळेत दहा दाणे भिजत घातले. दुपारी पात्यानं त्यांचे पातळ काप काढले आणि त्यावर निळ्या रंगाचा थेंब टाकला. हा रंग बुरशीच्या धाग्यांना धरतो. ज्वारीचं पीठ पांढरंच राहतं. पहिला काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यांनी डोळा लावला. पांढरं फारच थोडं होतं. दाणाभर निळे धागे, दाट, गुंतलेले, न्हाणीच्या मोरीत अडकलेल्या केसांच्या गुंतवळ्यासारखे. त्यांनी दुसरा काप ठेवला, मग तिसरा. दहाच्या दहा. वरून मोती, आत अर्धा दाणा ज्वारीचा आणि अर्धा चिकट्याचा. शीतगृहातल्या मालदांडीचे काप मात्र स्वच्छ पांढरे निघाले.

बाई बेसिनपाशी गेल्या आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं काढून टाकलं. पाच वर्षांच्या भाकरी त्यांना आठवत होत्या. पाच हिवाळे हातावर चोळून खाल्लेला हुरडा, तळहाताला लागलेला तो गोडवा, आणि तो चाटताना "कसं दूध भरलंय बघा" म्हणून केलेलं कौतुक. जे पाणी एकेकाळी कणसातून ठिबकताना पाहून त्यांना जेवण जात नव्हतं, तेच त्या रोज पोटात घालत होत्या, तूप लावून. आणि त्याला त्यांचं नाव होतं.

थिटेसाहेबांनी काप बघितले. बराच वेळ बघितले. मग खुर्ची ओढून बसले.

"बसा अक्का. मला काय म्हणायचंय ते कळलं असेल तुम्हाला. तुम्हाला काय म्हणायचंय ते सांगा."

"साहेब, वाटिकेत आपण जवारी निवडत होतो न्हवं?" बाई उभ्याच राहिल्या. "त्याच वक्ताला बुरशीपण निवडत होतो. जी ठिबकली, काळी पडली, वास मारला, ती आपण जाळली. जी गप बसली ती दाण्यात बसून पुढच्या वर्षात गेली. अकरा वर्षं तिला एकच धडा दिलाय आपण, की ह्या बाईला शिसारी येईल असं कायबी करू नको. ती शिकली."

साहेबांना हे बाईंचं वाक्य संपायच्या आधीच पटलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण पटणं वेगळं आणि पदावर बसणं वेगळं. "रोग म्हणजे लक्षण," ते हळूहळू म्हणाले. "आपली नियमावली लक्षणांवर चालते. लक्षण नाही तर रोग नाही. उत्पन्न घटलेलं नाही. पाच वर्षं माणसं खातायत, एकही आजारी पडलं नाही. आपण इडली खातो, दही खातो, अळंबी खातो. तुम्हाला किळस येते हे मी समजू शकतो, पण किळस हा पुरावा नव्हे."

"अकरा वर्षं तर तोच पुरावा होता की."

साहेबांनी काप परत भिंगाखाली सरकवला.

"आज आजारी न्हाई, बरं," बाई म्हणाल्या. "पण बाजरीतल्या अरगट रोगानं माणसं ओकून ओकून निपचित पडलेली तुम्हीच आम्हाला शिकवलंय. तो चिकट्याचाच भाऊ. उद्या ह्यानंबी आतल्या आत इख धरलं, तर कळायचं कसं? आधी निदान काळी पडायची. आता काय काळं पडणार? आपण त्याला गोरं करून ठेवलंय. आणि जुनं बी एकदा फेकलं की मग बदलायला तरी काय उरलं?"

"गुरुवारी निवड समिती येतेय," साहेब म्हणाले. "ती थांबवेल ते एकाच गोष्टीनं. नाकमुरडीनं तीनच्या वर अंक दिला तर. आणि ती या दाण्याला एक देते. अर्धा सुद्धा देईल."

"मग तिला परत शिकवा. जिच्या नाकावर ती शिकली त्या बाईला आता कळलंय. पट्टी बांधा मला. समितीसमोर बांधा."

साहेबांनी मान डोलावली. त्यांना सुटका झाल्यासारखं वाटलं असावं. निर्णय आपल्या डोक्यावरून बाईच्या मनगटावर गेला म्हणजे कुणालाही बरंच वाटतं.

गुरुवारी समितीला हुरडा होता. नवा वाण दाखवायचा तर आगटी पेटवायचीच, हा या पट्ट्यातल्या केंद्रांचा रिवाज. खड्ड्यात गोवऱ्या फुलवल्या होत्या, कोवळी कणसं निखाऱ्यात खुपसली होती, पत्रावळींवर शेंगदाण्याची चटणी आणि दही. समितीचे अध्यक्ष सत्तरीचे, निवृत्त शास्त्रज्ञ, प्रेमळ गृहस्थ होते. त्यांनी गरम कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारून भूस उडवलं आणि हिरवे दाणे तोंडात टाकले. मग तळहाताला लागलेला चिकटपणा त्यांनी जिभेनं पुसून घेतला, अंगठा शेवटपर्यंत चोखला आणि म्हणाले, "वा. असा गोडवा आमच्या लहानपणीसुद्धा नव्हता." त्यांच्या हनुवटीवर ती तार लोंबत होती. नीलगंगाबाईंनी तोंड फिरवलं, तर तिकडं बाकीचे चौघे तेच करत होते.

मग पट्टी बांधली. बाईंचे डोळे झाकले. केंद्राच्या स्वयंपाकघरात एका भट्टीवर दोन भाकरी केल्या होत्या, एक नीलगंगा ज्वारीची, एक मालदांडीची, दोन्हींचं पीठ सकाळी दळलेलं. आठ तुकडे, उलटसुलट क्रमानं. पहिला तुकडा जिभेवर आला आणि बाईंचं अंग शहारलं. कोरडा, उग्र, किंचित कडसर. घशाशी आला. नाक मुरडलं, मनगटाला घाम सुटला, सगळं तेहेतीस वर्षांच्या सवयीनं झालं, आणि त्यांना मनातून आनंद झाला. नाक अजून शाबूत होतं.

"हाच तो," त्या म्हणाल्या. "ह्यात घाण हाय."

दुसरा तुकडा मऊ होता, जिभेवर विरघळला. अंग सैल पडलं. "ही निर्मळ," त्या म्हणाल्या. असे आठही तुकडे त्यांनी न अडखळता सांगितले. डोळ्यांवरचा रुमाल सोडला तेव्हा समितीचे पाचही जण गाड्याकडं बघत होते. थिटेसाहेब खाली बघत होते. बाईंच्या पट्टीवरून गाड्याच्या पडद्यावर आठ अंक उमटले होते, सात आणि एक, एक आणि सात, आणि आठही उलटे. ज्याला त्यांनी घाण म्हटलं ती जुनी, स्वच्छ मालदांडी होती.

अध्यक्षांनी बाईंच्या पाठीवर हात ठेवला. "अहो, होतं असं. मनात एकदा संशय शिरला की माणसाला काही सुचत नाही." त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. समितीनं वाण मंजूर केला. कुणी वाईट हेतूनं काही केलं नाही, हीच तर त्या दिवसाची सगळ्यांत ओकारी आणणारी गोष्ट.

बाई स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून राहिल्या. बुरशीनं त्यांच्या नाकाला चकवलं होतं, ते त्यांना कळलं होतं. पण तिनं त्यांची जीभसुद्धा फितवली होती. पाच वर्षं गोड खाऊ घालून स्वच्छ धान्याचीच शिसारी यायला लावली होती. आता आपल्याला जे आवडतं ते का आवडतं आणि जे नकोसं होतं ते का नकोसं, हे त्यांना सांगता आलं नसतं. स्वतःच्या तोंडाचीच त्यांना घाण वाटत होती, आणि चूळ भरून ती जात नव्हती.

संध्याकाळी थिटेसाहेब स्वतः मालदांडीच्या बियाण्याची गोणी घेऊन त्यांच्या दारात आले. "उद्या फेकायचंच होतं," ते म्हणाले. "तुमच्याकडे राहू दे." मग चप्पल घालता घालता थांबून हलक्या आवाजात म्हणाले, "अक्का, आम्ही घरात नीलगंगा बंद केलीय. गव्हावर आलोय. तेवढं कुणाला बोलू नका."

त्यांनी गोणी आत ओढून घेतली. चिकटा बघून त्यांना आयुष्यात इतकी किळस आली नव्हती, जितकी त्या क्षणी त्या सभ्य, हुशार, गोड बोलणाऱ्या माणसाची आली. बुरशी निदान पोटासाठी लपते.

जूनमध्ये बाई निवृत्त झाल्या. ऑक्टोबरात, चित्रा नक्षत्रात वाफसा आला तेव्हा त्यांनी घरच्या दीड एकरात मालदांडी पेरली. चहूबाजूंनी सगळं शिवार नीलगंगेचं होतं. जानेवारीत ज्वारी फुलोऱ्यात आली आणि आठ दिवस आभाळ निवळलं नाही. नवव्या दिवशी बाईंच्या शेतात पहिलं कणीस ठिबकलं. पंधरवड्यात सगळं शेत ओघळत होतं. पानं चिकट, माती चिकट, पदर ताटांना चिकटायचा आणि ओढला की फाटायचा. माश्यांचं मोहोळ उठायचं. मग त्यावर काळं चढलं आणि वास रस्त्यापर्यंत गेला.

लोक नाकाला रुमाल लावून बांधावरून बोलायचे. शेजारच्या शेताचे सिद्रामप्पा बिराजदार म्हणाले, "अक्का, तुम्ही रोगाच्या जाणकार. तुमच्याच रानात ही उकिरड्याची गत व्हय? उपटून पेटवून द्या की."

"आजवर तेच केलं, सिद्रामप्पा," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तुमचं रान असं दिसतंय."

"कसं?"

"चकाचक."

ते हसत गेले. भागीरथी मात्र हसली नाही. ती तोंडाला पदर लावून बाईंबरोबर रोज रानात यायची आणि रोज घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ करायची. बाईंना स्वतःला दोनदा उलटी झाली. पण एक गोष्ट त्यांनी कबूल केली असती, की त्या नासक्या वासात त्यांना वर्षभरात पहिल्यांदा मोकळं वाटत होतं. घाण होती, पण घाणीसारखी दिसत होती. नाक मुरडत होतं आणि ते बरोबर मुरडत होतं.

त्या ताटन्‌ताट बघत फिरायच्या. हजारो कणसं ठिबकत होती. रोगवाटिकेची जुनी रीत त्यांनी उलटी केली होती. आजारी ताट उपटायचं नाही, जाळायचं नाही, लपायला भाग पाडायचं नाही. त्या गर्दीत एखादं ताट खरोखर झुंजलं तर तेवढं हवं होतं. फेब्रुवारीअखेर अशी तीन कणसं सापडली. चहूकडून चिकट पाण्यानं माखलेली, पण स्वतः न ठिबकलेली. बाईंनी त्यांना लाल दोरा बांधला.

"सापडली की," भागीरथी म्हणाली.

"न्हाई. स्वच्छ दिसतायत, एवढंच," बाई म्हणाल्या. "नीलगंगापण स्वच्छच दिसती. ह्यांनी बुरशीला बाहेर ठेवलंय, का आत घेऊन दार लावलंय, ते मला सांगता येत न्हाई. शेजारून ती गप बसणारीच आली असंल तर?"

"मग तुमच्या त्या काचेतून बघा."

"ती काच केंद्रात, साहेबाच्या ताब्यात हाय. आणि माझ्या नाकावर, जिभेवर तर मी आता इस्वास ठेवत न्हाई."

त्या संध्याकाळी भागीरथीनं चुलीत लाकडं सारली. मग म्हणाली, "पीठ करून ठिवा. विरी जाती का बघू. चांगल्या जवारीची विरी जाती, अक्का. जायलाच पायजे."

नीलगंगाबाईंनी जावेकडं पाहिलं. तेहेतीस वर्षांत त्यांनी डोळ्यानं, नाकानं, भिंगानं, पट्टीनं रोग शोधला होता. भाकरी चिरते की नाही यावरून शोधावा हे कुठल्या नियमावलीत आलं नव्हतं, आणि नाकमुरडीला भाकरी थापता येत नव्हती.

तिन्ही कणसांचं निम्मं बी त्यांनी वेगवेगळ्या पुरचुंड्यांत राखेत घालून ठेवलं. उरलेलं भागीरथीनं जात्यावर दळलं, दर वेळी जातं धुऊन, उन्हात वाळवून. तीन लहान डबे. झाकणांवर खडूनं एक, दोन, तीन. आणि मग वाट बघणं. त्या दिवसांत बाई रोज पेरून उरलेल्या मालदांडीची भाकरी खायच्या. पहिल्या घासाला अंगावर काटा यायचा, डोळ्यांत पाणी यायचं. त्या पाण्याच्या घोटाबरोबर गिळायच्या, औषध घ्यावं तसं. भागीरथीनं आठवडाभर पाहिलं आणि आठव्या दिवशी स्वतःच्या ताटातही तीच वाढून घेतली. "शी," ती म्हणाली, आणि खाल्ली.

वैशाखात डबे उघडले. भागीरथीनं चूल पेटवली. प्रत्येक डब्यात जेमतेम एका चानकीपुरतं पीठ होतं, म्हणजे लेकरासाठी करतात तेवढीशी भाकरी. पहिल्या पिठाची चानकी गोल, सुबक थापली गेली. बाईंनी तिच्या कडेला बोटं लावून ताणली. तार आली. त्यांनी चानकी, डबा आणि राखेतली पहिली पुरचुंडी, सगळं चुलीत सारलं. दुसऱ्या पिठालाही तार आली. तेही चुलीत गेलं. जळताना त्याचा वास अगदी भाजलेल्या हुरड्यासारखा, तोंडाला पाणी सुटेल असा आला, आणि दोघींना खरंच तोंडाला पाणी सुटलं. दोघी एकमेकींकडं बघायचं टाळत बसल्या.

भागीरथीनं तिसरं पीठ परातीत घेतलं, पाण्यात भिजवलं, मळलं. बाईंनी बोटं लावून ताणली. तार आली नाही. पण पीठ थोडं होतं आणि पाणी किंचित जास्त झालं होतं. एवढ्यावर हुरळून जाण्यात अर्थ नव्हता.

"थाप," त्या म्हणाल्या.

भागीरथी थापायला लागली. तिचा हात आयुष्यभराच्या सवयीनं कडा सावरत होता, भाकरी चिरू नये म्हणून, आणि बाईंनी दोनदा तिचं मनगट धरून सांगितलं, "सावरू नको. चिरायची तर चिरू दे." चानकी तळहाताएवढी झाली. वितीएवढी झाली. मग अंगठ्याजवळ, अगदी कडेला, केसाएवढी एक रेघ उमटली.

भागीरथीनं दोन्ही हात परातीवरून वर उचलले आणि तसेच धरून ठेवले. नीलगंगाबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा लावला.

"अक्का," भागीरथी हळूच म्हणाली, "ही चीर हाय, का माझं नख लागलंय?"